गाडी रेस होते पण पळत नाही: जुन्या स्पोर्ट्स बाइकचा स्लिप मारणारा क्लच

चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये रेस पिळली की आरपीएमचा काटा झपकन वर जातो, इंजिनाचा आवाज चढतो, पण स्पीडोमीटर जागचा हलत नाही. थोड्या वेळाने काटा खाली येतो आणि गाडी मग हळूहळू वेग घेते. क्लच स्लिप मारतोय याची ही सगळ्यात खात्रीची खूण. नागपुरात ही तक्रार बहुधा एकाच वाक्यात कानावर येते: “भाऊ, गाडी रेस होऊन राहिली, पण पळून नाही राहिली.”

बाकीची लक्षणं अशी. सपाट वर्धा रोडवर गाडी बरी वाटते, पण सेमिनरी हिल्सच्या चढावर किंवा मागे माणूस बसवून रामटेकचा गड चढताना दम सोडते. सकाळी थंड इंजिनावर काही जाणवत नाही, अर्ध्या तासाने सुरू होतं. लिव्हर जवळजवळ पूर्ण सोडल्यावरच गाडी पकड घेते. ॲव्हरेज पडतं. ऑइल बदलून फार दिवस झालेले नसतानाही ते काळं दिसतं आणि त्याला करपट वास येतो. यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली तर पुढचं वाचा.

करिझ्मा, पहिल्या पिढीची आर-१५, पल्सर २२०. या गाड्या २००३ ते २००९ च्या दरम्यान रस्त्यावर आल्या आणि त्यातल्या बऱ्याच अजून रोज पळतात. तिघींचाही क्लच एकाच जातीचा आहे: इंजिन ऑइलमध्ये बुडालेला, अनेक प्लेटांचा, वायरने ओढला जाणारा. हा दोष मी या गाड्यांवर वारंवार काढत आलो आहे आणि दर वेळी एकच गोष्ट खटकते. गाडी येण्याआधीच कुणीतरी “प्लेटा गेल्या” असं सांगून मोकळं झालेलं असतं. प्लेटा जातात, नाही असं नाही. पण प्लेटांचा नंबर शेवटचा आहे. आधी लिव्हर, मग वायर, मग ऑइल, आणि तिथेही उत्तर मिळालं नाही तरच कव्हर उघडायचं. या क्रमाने गेलात तर अनेकदा कव्हरला पाना लावावाच लागत नाही.

आधी हे क्लचच आहे ना, याची खात्री

रेस दिल्यावर आरपीएमही चढत नसेल आणि गाडी नुसती गुदमरत असेल, तर दोष क्लचचा नाही. कार्ब्युरेटर, एअर फिल्टर, प्लग, पेट्रोल तिकडे बघा. आरपीएम झटक्याने वर जातो, सोबत “कट” असा आवाज येतो आणि गाडी हिसका देते, तर चेन स्प्रॉकेटच्या झिजलेल्या दात्यांवरून उडते आहे किंवा गिअर सुटतो आहे. क्लच स्लिपमध्ये हिसका नसतो. काटा मऊपणे चढतो आणि गाडी मागे राहते.

पक्कं करायचं असेल तर रिकामा, सरळ रस्ता बघा. गाडी गरम झालेली असू द्या. चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० किलोमीटरच्या आसपास या आणि रेस पूर्ण उघडा. काटा आणि वेग बरोबरीने चढले तर क्लच ठीक. काटा पुढे पळाला तर स्लिप आहे. वरच्याच गिअरमध्ये का बघायचं? कारण वरच्या गिअरमध्ये तोच वेग राखायला इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो, आणि तो सगळा जोर क्लचमधून जातो. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये झिजलेला क्लचही निभावून नेतो. ही परीक्षा एकदाच घ्या. मित्राला दाखवायला, मग मेकॅनिकला दाखवायला असं परत परत केलंत, तर वाचू शकणाऱ्या प्लेटा त्यातच जळतील.

लिव्हरची ढिलाई

याला एक पैसा लागत नाही आणि पाच मिनिटांत होतं. इंजिन बंद, थंड. लिव्हर बोटाने हलकेच ओढा. वायर ताणली जाण्याआधी लिव्हरचं टोक मोकळं किती सरकतं ते मोजा. बहुतेक गाड्यांना टोकाशी १० ते २० मिलिमीटर ढिलाई लागते. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मालकाच्या पुस्तिकेत असतो.

ही ढिलाई शून्य असेल, म्हणजे लिव्हर हात न लावताही ताठ असेल, तर तुम्ही नकळत सतत थोडासा क्लच दाबून गाडी चालवत आहात. स्प्रिंगांचा पूर्ण दाब प्लेटांवर बसतच नाही, मग त्या घसरतात.

इथे नेमका उलटा उपाय करणारे फार. स्लिप मारतोय म्हणजे वायर ढिली झाली असेल असं समजून ॲडजस्टर आवळला जातो. वायर ढिली झाली तर क्लच नीट सुटत नाही, गिअर अडखळतात, न्यूट्रल लागत नाही. तो वेगळा आजार. स्लिप मारणाऱ्या क्लचची वायर आवळायची नाही, सैल करायची.

आणि ही ढिलाई आपोआप कमी होत जाते. फ्रिक्शन प्लेटा (पकड धरणाऱ्या, अस्तर लावलेल्या प्लेटा) झिजल्या की त्यांचा गठ्ठा पातळ होतो, प्रेशर प्लेट (स्प्रिंगांच्या दाबाने हा गठ्ठा आवळून धरणारी प्लेट) आत सरकते आणि तिला ढकलणारी यंत्रणा बाहेरच्या बाजूला येते. वायरमधली मोकळी जागा ती खाऊन टाकते. म्हणून वर्षानुवर्षं वायरला हातच लावला नाही तर चांगल्या जाडीच्या प्लेटासुद्धा एक दिवस स्लिप मारू लागतात. आधी हँडलजवळचा लॉक नट सैल करून बारीक ॲडजस्टरने बघा. तिथली आटी संपली असेल तर तो आत फिरवून ठेवा आणि इंजिनाजवळच्या ॲडजस्टरवर काम करा. हँडलचा ॲडजस्टर फार बाहेर आलेला ठेवू नका, त्याची आटी तुटते.

ढिलाई ठेवल्यावर हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा. दोन्हीकडे ढिलाई तेवढीच राहिली पाहिजे. एका बाजूला वळवल्यावर लिव्हर ताठ होत असेल तर वायर चुकीच्या मार्गाने गेली आहे किंवा कुठे अडकली आहे. क्लिप-ऑन हँडल (पुढच्या फोर्कवर खाली बसणारं छोटं हँडल) बसवलेल्या गाड्यांत हे हटकून सापडतं, कारण हँडल खाली आलं तरी वायर जुन्याच वाटेने ठेवलेली असते.

मग एक चक्कर मारून या. स्लिप गेली असेल तर इथेच थांबा.

वायर आणि आर्म

ढिलाई बरोबर आहे, तरी शंका आहे. आता वायर इंजिनाकडून सोडा आणि आतली तार हाताने मागे-पुढे ओढा. ती अडखळू नये. नागपूरच्या सिमेंट रस्त्यांची बारीक धूळ वायरच्या आवरणात शिरते, पावसाळ्यात ओलावा मिळतो आणि आत घट्ट लेप बसतो. अशी वायर ओढली जाते, पण परत सुटत नाही. तुम्ही लिव्हर सोडलेला असतो आणि क्लच अर्धा दाबलेलाच राहतो. तेल घालून काम भागेल, पण टोकाशी एखादाही धागा तुटलेला दिसला तर नवीन वायर घ्या. काही शे रुपयांच्या या वस्तूवर काटकसर करायची नाही.

वायर सुटलेली असतानाच इंजिनावरचा क्लच आर्म (वायर जिला ओढते ती छोटी दांडी) हाताने ढकलून पाहा. तो थोडा मोकळा हलून मग जड लागला पाहिजे आणि सोडल्यावर जागेवर आला पाहिजे. तसंच लिव्हरचा पिव्हट बोल्ट काढून पुसा, ग्रीस लावा. बाजारात मिळणाऱ्या रंगीत आखूड लिव्हरांपैकी काहींची पाठ पूर्ण मागे टेकत नाही आणि वायरवर कायमचा ताण राहतो. शंका असेल तर कंपनीचा जुना लिव्हर लावून बघा.

ज्या मोठ्या गाड्यांना वायरऐवजी हायड्रॉलिक क्लच आहे, तिथे हाच त्रास मास्टर सिलिंडरचं (लिव्हरजवळच्या फ्लुइडच्या पंपाचं) बारीक छिद्र बुजल्याने होतो. फ्लुइड परत जात नाही आणि दाब टिकून राहतो.

ऑइल

हा सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

या गाड्यांत इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच एकाच ऑइलमध्ये चालतात. इंजिनाला घर्षण नको असतं, क्लचला घर्षणाशिवाय चालत नाही. मोटरसायकलचं ऑइल ही तारेवरची कसरत करतं, आणि ते तसं करतं की नाही याची खूण डब्यावर छापलेली असते: जासो (ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा जासो एमए-२. एमए म्हणजे ओल्या क्लचसाठी पुरेसं घर्षण राखणारं ऑइल. जासो एमबी म्हणजे कमी घर्षणाचं, गिअरलेस स्कूटरसाठीचं. स्कूटरचा क्लच ऑइलमध्ये नसतो, त्यामुळे तिला ते चालतं. घरात स्कूटर आणि बाइक दोन्ही आहेत, स्कूटरच्या सर्व्हिसचा उरलेला डबा बाइकमध्ये ओतला, हे मला पुन्हा पुन्हा सापडतं. कारच्या ऑइलचंही तेच. गोल शिक्क्यात ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ असं लिहिलेलं कारचं ऑइल ओल्या क्लचच्या गाडीत घालू नका. “इंजिन मक्खन चालेल” म्हणून विकली जाणारी बाटलीतली औषधंसुद्धा नकोत. मक्खन होण्यात पहिला बळी क्लचचा जातो.

म्हणून पहिला प्रश्न हाच: स्लिप ऑइल बदलल्यानंतर सुरू झाली का? उत्तर हो असेल तर प्लेटांचा विचारही करू नका. ऑइल काढा, फिल्टर बदला, पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचं एमए किंवा एमए-२ ऑइल भरा. शंभर-दोनशे किलोमीटर सौम्य रेसवर चालवा आणि ऑइल पुन्हा एकदा बदला. दुसऱ्यांदा बदलायचं कारण असं की जुन्या ऑइलचा अंश प्लेटांच्या छिद्रांत आणि इंजिनाच्या कानाकोपऱ्यात राहतो. प्लेटांचा पृष्ठभाग काचेसारखा झालेला नसेल तर पकड परत येते.

ऑइल काढताना इंजिन कोमट असू द्या, कडक गरम नको. पहिली धार पांढऱ्या ट्रेमध्ये घ्या आणि नीट बघा. काळं, पण पातळ आणि करपट वासाचं असेल तर क्लच तापला आहे. बोटांत चोळल्यावर बारीक कचकच लागली तर प्लेटांचं साहित्य झिजून ऑइलमध्ये आलं आहे. ड्रेन प्लगवर चमकणारे धातूचे कण किंवा तुकडे असतील तर तिथेच थांबा, त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे. ऑइल दुधाळ चहासारखं असेल तर त्यात पाणी आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा बुडालेल्या गाड्यांत असंच ऑइल निघत होतं. तशी गाडी जुनी म्हणून विकत घेतली असेल आणि क्लच त्रास देत असेल, तर एका ऑइल बदलाने भागणार नाही. स्वच्छ निघेपर्यंत बदलावं लागतं, आणि स्टील प्लेटांवर (फ्रिक्शन प्लेटांच्या मधे बसणाऱ्या साध्या प्लेटांवर) गंज चढला आहे असं गृहीत धरून चाला.

पातळी तपासताना गाडी सरळ उभी हवी. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो म्हणून मनाने जाड ऑइल भरू नका. पुस्तिकेत तापमानाप्रमाणे ग्रेड दिलेले असतात, त्यातलंच घ्या. निघालेलं ऑइल नालीत ओतू नका, गॅरेजमध्ये द्या.

आता कव्हर

लिव्हर, वायर, ऑइल तिन्ही बरोबर आहेत आणि तरी काटा पुढे पळतो. आता उजव्या बाजूचं कव्हर उघडायचं. घरी हे काम ज्याला पाना हातात धरायची सवय आहे त्याने करावं. लागणारं सामान: चांगले टी पाने, नवीन पॅकिंग, व्हर्निअर (जाडी मोजायचं हत्यार), शक्य असेल तर टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच आवळू देणारा). पॅकिंग आधी हातात घ्या, मग कव्हरला हात लावा. जुन्या करिझ्माचं पॅकिंग रविवारी संध्याकाळी शोधत फिरणं फार जिवावर येतं.

ऑइल काढा, वायर सोडा. एका पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून घ्या आणि प्रत्येक बोल्ट निघेल तसा त्या जागी टोचून ठेवा. बोल्टांची लांबी सारखी नसते. लांब बोल्ट आखूड जागी घातला की क्रँककेस तडकतं, आणि मग क्लचचं काम इंजिनाचं काम होतं. कव्हर निघत नसेल तर स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, रबरी हातोडीने भोवताली ठोका. डॉवेल पिना (कव्हर नेमक्या जागी बसवणाऱ्या छोट्या पिना) पडल्या तर लगेच उचलून ठेवा.

स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत सैल करा. एकच बोल्ट पूर्ण काढला तर प्रेशर प्लेट तिरकी होते. प्लेटा ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने कापडावर मांडा आणि फोटो काढून ठेवा. काही गाड्यांत सगळ्यात आतली फ्रिक्शन प्लेट वेगळ्या मापाची असते आणि तिच्या आत पातळ रिंग बसते. ती उलटी गेली तर नवीन प्लेटाही धरणार नाहीत.

काय बघायचं? आधी स्प्रिंगा. सगळ्यांची लांबी मोजा, मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघा. तापून बसलेली स्प्रिंग दिसायला चांगलीच दिसते, मापातच पकडली जाते. एक जरी कमी भरली तरी संपूर्ण संच बदला. स्प्रिंगखाली वॉशर टाकून दाब वाढवायची युक्ती नाक्यानाक्यावर चालते. माझा तिला ठाम नकार आहे. लिव्हर दगडासारखा होतो, वायर आणि लिफ्टरच्या (प्रेशर प्लेट हलवणाऱ्या भागाच्या) बेअरिंगवर भार येतो, आणि झिजलेली प्लेट झिजलेलीच राहते.

मग फ्रिक्शन प्लेटा. प्रत्येक प्लेट चार ठिकाणी व्हर्निअरने मोजा. मर्यादेच्या खाली एकही असेल तर सगळ्या बदला. जाडी आहे पण पृष्ठभाग काळा, चकचकीत आणि गुळगुळीत आहे, तरीही बदला. पॉलिश पेपर मारून ती पकड फार दिवस टिकत नाही.

स्टील प्लेटा काचेवर सपाट ठेवा आणि कडेने फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) सरकवा. साधारण ०.२ ते ०.३ मिलिमीटरपेक्षा जास्त वाक चालत नाही, नेमका आकडा गाडीप्रमाणे. निळसर-जांभळे डाग म्हणजे ती प्लेट तापली आहे. इथे कंजुषी होते: फ्रिक्शन प्लेटा नव्या आणि स्टील जुन्या, निळ्या पडलेल्या. नवी प्लेट त्या वाकड्या स्टीलला फक्त उंचवट्यावर टेकते आणि काही महिन्यांत गाडी पुन्हा दारात. फ्रिक्शन, स्टील, स्प्रिंगा असा पूर्ण संच एकदम टाकणंच स्वस्त पडतं.

हाउसिंगच्या (प्लेटा ज्यात बसतात त्या बाहेरच्या डब्याच्या) बोटांवर प्लेटांच्या कानांनी पाडलेल्या खाचा बघा. नख हलकेच अडकतं इतपत असेल तर चालून जातं. खाच खोल असेल तर प्लेटा त्यात अडकून सरकत नाहीत.

बसवताना नव्या फ्रिक्शन प्लेटा आदल्या रात्री त्याच ऑइलमध्ये भिजवून ठेवा. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच चक्करमध्ये जळतात. प्रेशर प्लेट हबच्या (क्लचच्या मधल्या गाभ्याच्या) दात्यांत पूर्ण बसली आहे हे हाताने फिरवून बघा, मगच स्प्रिंगा. बोल्ट समोरासमोर, मॅन्युअलच्या टॉर्कने. हे बोल्ट छोटे असतात आणि ज्या खांबांत बसतात ते ॲल्युमिनियमचे. “जरा अजून” करत आवळलं की खांबच तुटतो. कव्हर लावा, ऑइल भरा, ढिलाई नव्याने ठेवा. पाचशे किलोमीटरपर्यंत सौम्य चालवा आणि मग ढिलाई परत मोजा, कारण नव्या प्लेटा बसताना ती बदलते.

आणि सिग्नलला पहिल्या गिअरमध्ये लिव्हर अर्धा धरून उभं राहणं, सीताबर्डीच्या गर्दीत दोन बोटं कायम लिव्हरवर ठेवून चालवणं, या दोन सवयी सुटल्या नाहीत तर नवा संचही लवकर जाईल.

इथे थांबा, जाणत्या मेकॅनिककडे न्या

ऑइलमध्ये धातूचे तुकडे किंवा भरपूर चमक दिसली. ऑइल बदलूनही पुन्हा दुधाळ झालं: पाण्याने थंड होणाऱ्या आर-१५ सारख्या गाडीत वॉटर पंपाचं सील किंवा हेडचं पॅकिंग गेलेलं असू शकतं. हबचा मधला मोठा नट सोडावा लागतोय: त्याला धरायचं खास हत्यार लागतं, छिन्नी-हातोडीने तो सोडू नका. बोल्ट क्रँककेसमध्ये तुटला. लिफ्टरचं बेअरिंग फुटलेलं दिसलं. सगळं नवीन, सगळं मापात, ऑइल बरोबर, आणि तरीही स्लिप आहे. यातलं काहीही असेल तर पाना खाली ठेवा. आणि मेकॅनिकला तुम्ही काय काय तपासलंत ते क्रमाने सांगा. त्याचा वेळ वाचतो, तुमचे पैसे वाचतात. नवीन संचाचं खोकं आणि जुन्या प्लेटा मागून घ्या.

तिथपर्यंत गाडी चालवत न्यायची असेल तर खालच्या गिअरमध्ये, अगदी हलक्या रेसवर, चढ टाळून, मागे कुणाला न बसवता न्या. तेवढ्यावरही काटा पुढे पळत असेल तर चालवू नका, छोट्या टेम्पोत टाकून न्या. टेम्पोचं भाडं जळालेल्या संचापेक्षा कमीच भरतं.